डॉमिनिकचे चौसष्ट दिवस

१९८९ सालच्या फेब्रुवारीत मी म्हापशाला होतो. कोल्हापूरहून बदली होऊन वर्ष झाले असेल. शाखेत अनिवासी ठेवींचे टेबल माझ्याकडे होते आणि म्हापशात ते टेबल म्हणजे देवळातला गाभाराच. आखातात गेलेल्यांचे, बोटीवर गेलेल्यांचे पैसे तिथे येत. त्यांच्या आया, बायका, म्हाताऱ्या आत्या शुक्रवारच्या बाजाराला आल्या की आधी माझ्यासमोर बसत, पासबुक भरून घेत आणि मग मोयऱ्याची केळी नि पर्रा गावची कलिंगडे बघायला जात. गावोगावची बातमी मला पेपरच्या आधी कळायची ती अशी.

त्या महिन्यातल्या एका शुक्रवारी टेबलासमोर दुसरा विषयच नव्हता. पर्रा गावच्या एका तरुणाला पोलीस घेऊन गेले होते. चोरी नाही, मारामारी नाही, दारूची भानगड नाही. त्याने रक्तदान केले होते, एवढेच.

त्याचे नाव डॉमिनिक डिसोझा. त्याला जाऊन आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. गोव्याबाहेरच्या वाचकाला हे नाव चटकन आठवणार नाही, पण २००५ साली आलेला ओनीर यांचा माय ब्रदर निखिल हा चित्रपट पाहिलेले पुष्कळ असतील. त्यातला पोहणारा नायक ज्याच्यावरून घेतला, तो हा. खरा डॉमिनिक जलतरणपटू नव्हता. जागतिक वन्यजीव निधीच्या गोव्यातल्या कार्यालयात तो नोकरी करायचा, हौसेने नाटकात काम करायचा आणि नियमाने रक्त द्यायचा. वय तिशीच्या आसपास. म्हणजे माझ्याच बरोबरीचा. हे शेवटचे वाक्य मी उगाच लिहिलेले नाही, त्याच्याकडे पुढे येईन.

१४ फेब्रुवारीला पोलीस घरी आला आणि म्हापशाच्या ठाण्यावर यायला सांगून गेला. कशासाठी ते सांगितले नाही. डॉमिनिक आपल्या पायाने गेला. तिथून त्याला इस्पितळात नेले, तपासले, नको ते प्रश्न विचारले. आजाराचे नाव मात्र कुणी उच्चारले नाही. ते त्याला कळले टेबलावरच्या एका रजिस्टरवरून. वर एड्स असे लिहिलेले, आणि आत त्याचे नाव. माझे सगळे आयुष्य रजिस्टरात नोंदी करण्यात गेले. पण आपल्या मरणाची बातमी एखाद्याला अशी उलट्या बाजूने, दुसऱ्याच्या टेबलावरच्या वहीत वाचावी लागावी, ह्याची कल्पना मला आजही नीट करता येत नाही. तिथून पोलिसांच्या पहाऱ्यात त्याला क्षयरोग्यांच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या आरोग्यधामात नेऊन ठेवले. तिथे तो एकटा होता. चौसष्ट दिवस.

हे सारे कायद्याने झाले. गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ सालचा. त्यात पाठोपाठ एक दुरुस्ती घातली गेली आणि रक्तात हा विषाणू सापडलेल्या माणसाला वेगळे काढून ठेवण्याचा अधिकार आरोग्य खात्याला मिळाला. हे का झाले, तेही समजून घ्यायला हवे. १९८६ साली मद्रासमध्ये भारतातले पहिले रुग्ण उजेडात आले. ते काम करणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, माहेरच्या गायतोंडे. आणि रक्ताचे नमुने गोळा करत हिंडणारी त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला. त्या शोधाने देशभर धसका घेतला. गोवा तर परदेशी पाहुण्यांचा प्रदेश. औषध नाही, लस नाही, मग सरकारने काय करायचे? सरकारने तेच केले जे गावे पूर्वी देवीच्या आणि महारोगाच्या रोग्यांचे करत आली. वेशीबाहेर काढले. जगातही हे चालू होते. क्यूबाने १९८६ पासून आपल्या बाधितांना आरोग्यधामात डांबायला सुरुवात केली होती.

पण देवी श्वासातून पसरते आणि एचआयव्ही पसरत नाही, हे १९८९ साली पक्के माहीत होते. शरीरसंबंध, रक्त, एकाच सुईचा वापर आणि आईकडून बाळाला: एवढेच चार रस्ते. जवळ बसून, शेजारी जेवून, त्याच विहिरीचे पाणी पिऊन काही होत नाही. मग चार भिंती कुणाच्या रक्षणासाठी?

त्या चौसष्ट दिवसांत डॉमिनिकने काय केले, काय विचार केले, ह्यावर कादंबरीकार म्हणून मी शंभर पाने सहज लिहू शकेन, आणि म्हणूनच लिहिणार नाही. त्याला हा रोग कसा झाला, ह्या प्रश्नाच्या मागेही मी जाणार नाही. म्हापशात त्या दिवसांत हा एकच प्रश्न सगळे विचारत होते, अगदी मासळीवालीसुद्धा. तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असते. आपण त्यातले नाही, एवढे समाधान हवे असते.

मीही ते समाधान शोधत होतो. आता हे सांगायलाच हवे.

त्याच वर्षी मे महिन्यात माझे लग्न ठरले होते. त्याआधी दोन वर्षे, १९८७ साली, बँकेच्या प्रशिक्षणासाठी मी मुंबईत सहा आठवडे होतो. शेवटच्या शनिवारी आम्ही चौघे-पाचजण जिथे जायला नको तिथे गेलो. दारू होती, एकमेकांना चिडवणे होते, आणि खिशात निरोध नव्हता. एकदाच घडले. दुसऱ्या दिवशी मी त्यावर पडदा टाकला आणि पुढे दोन वर्षे तो तसाच राहिला. मी वाईट माणूस नव्हतो, पापभीरू घरातला होतो, नेमाने रक्तदान करत होतो. डॉमिनिकची बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहाटेपर्यंत मी जो हिशेब केला तो आजही मला तोंडपाठ आहे. तपासणी करून घ्यावी, तर बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जावे लागणार. काही निघाले, तर नाव रजिस्टरात जाणार, दारात पोलीस येणार, लग्न मोडणार, नोकरी जाणार, आणि आपण कुठल्या तरी पडक्या खोलीत बसणार. तपासणी केलीच नाही, तर? तर काहीच होणार नाही. निदान आज काही होणार नाही.

मी तपासणी केली नाही. मार्च महिन्यात आमच्या संघटनेचे रक्तदान शिबिर होते, त्यालाही मी कावीळ होऊन गेल्याची थाप मारून गेलो नाही. रक्त दिले नाही हे योग्यच झाले, पण कारण चुकीचे होते. रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून नव्हे, आपले नाव रजिस्टरात जाऊ नये म्हणून मी टाळले. आणि मे महिन्यात, अक्षता पडल्यावर, ज्या मुलीने माझ्या भरवशावर आपले माहेर सोडले तिच्यापासून मी ती गोष्ट लपवली. त्या शिबिराला दरवर्षी चाळीस माणसे येत, त्या वर्षी अकरा आली. मी एकटाच भित्रा नव्हतो, हे मला त्या आकड्यावरून कळले.

लोकांना भीती घातली की लोक सावध होतात, असा त्या कायद्यामागचा समज होता. सावध आम्ही झालोच, फक्त रोगाबद्दल नव्हे, तर पोलिसांबद्दल.

डॉमिनिकची आई, ल्युसी डिसोझा, कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढचा हा खटला कायद्याच्या पुस्तकांत तिच्याच नावाने ओळखला जातो. लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोवर वकील म्हणून उभे राहिले. पुढे देशभर एचआयव्हीबाधितांचे खटले लढवणाऱ्या ह्या वकिलाची सुरुवात इथली. बाजू अशी मांडली गेली की रोग ज्या रीतीने पसरतो ते पाहता माणसाला कोंडणे निरर्थक आहे, त्याने उलट नुकसान होते, कारण लोक तपासणीपासून पळतात आणि रोग जमिनीखाली जातो. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने बाधितांशी भेदभाव करू नये असा ठरावही केलेला होता.

एप्रिलमध्ये डॉमिनिक बाहेर आला. पण खटला जिंकला असे म्हणता येत नाही. न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली नाही. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे आरोग्य यांत झगडा आला तर समाजाचे पारडे जड, आणि रोगाला आवर कसा घालायचा हे ठरवणे तज्ज्ञांचे काम, न्यायाधीशांचे नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. बदल झाला तो कायद्याच्या शब्दांत. दुरुस्ती होऊन कोंडण्याची सक्ती गेली, मुभा उरली. बँकेत काम केलेल्या माणसाला ह्या फरकाचे मोल ठाऊक असते. करावे लागेल आणि करता येईल, ह्या दोहोंमध्ये एका अधिकाऱ्याची मर्जी तेवढी असते. तरीही त्या आईने जे मिळवले ते थोडे नव्हते. तिच्यानंतर कुणाला असे उचलून नेणे पहिल्याइतके सोपे राहिले नाही.

त्याची नोकरी राहिली नाही. गाव लहान, चेहरा सगळ्यांना माहीत. अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. एक, मुंबईच्या गर्दीत हरवून जाणे. दुसरी त्याने निवडली. आपले नाव, आपला चेहरा आणि आपला आजार त्याने लोकांपुढे ठेवला. आज ह्याचे काही वाटणार नाही. पण त्या काळी देशात उघड चेहऱ्याने असे बोलणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. त्याच्या नाटकाच्या वर्तुळातल्या इझाबेल दे सांता रिता वाझ आणि इतर मित्र त्याच्या पाठीशी उभे राहिले.

त्याच्या कामाचा गाभा मला समजला तो फार उशिरा. रोग थांबवायचा असेल तर ज्याला तो आहे असा माणूसच तुमच्या बाजूला हवा, हा त्याचा आग्रह होता. विचार करा. १९८९ च्या फेब्रुवारीत साऱ्या बारदेशात समाजाला धोका नसलेला माणूस कोण होता? ज्याला आपल्या रक्ताची खबर मिळाली होती तो. धोका आमच्यासारख्यांचा होता, ज्यांना आपली खबर नव्हती आणि नको होती. सरकारने पहारा बसवला तो नेमका उलट्या दारावर.

पण नुसती खबर मिळून भागत नाही. हे मला शिकवले ते सांगली जिल्ह्यातल्या एका बाईने. १९९६ साली मी तिकडच्या एका तालुक्याच्या शाखेत होतो. ट्रकवर ड्रायव्हर असलेल्या नवऱ्याच्या खात्याचा दावा घेऊन ती आली. वय चोवीस-पंचवीस, कडेवर मुलगी. आम्हाला मृत्यूचा दाखला लागतो. कुठला कागद कोणता हे तिला इंग्रजीमुळे कळत नव्हते, म्हणून तिने प्लॅस्टिकची पिशवीच माझ्या पुढ्यात उपडी केली. त्यात नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट होता. तारीख तीन वर्षांपूर्वीची. कडेवरची मुलगी दोन वर्षांची होती.

म्हणजे त्याला माहीत होते. तरी त्याने बायकोला सांगितले नाही, निरोध वापरला नाही, आणि मूलही होऊ दिले. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्या मेलेल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देऊन मोकळा झाला असता. मला ते जमले नाही. कारण मला तो फार चांगला समजत होता. नव्या नवरीच्या घरात, जिथे दर महिन्याला सासू काही गोड बातमी आहे का विचारते, तिथे नवऱ्याने निरोध काढणे हेच एक कबुलीजबाब असते. का, असे बायको विचारणार. त्या एका प्रश्नाचे उत्तर टाळण्यासाठी माणसे काय वाटेल ते करतात. कुणी जीव वैतागून दारू पितो, आणि दारूत निरोध आठवत नाही. कुणाला वाटते आता आपले काय उरले आहे. कुणाला मरण्याआधी आपले एक मूल बघायचे असते. कुणाला डॉक्टरने रिपोर्ट हातात दिलेला असतो, पण त्यानंतर कसे जगायचे, बायकोशी कसे बोलायचे, कशाने तिला वाचवता येईल हे कुणीच शेजारी बसून सांगितलेले नसते. ट्रकवाल्याला बहुधा कुणी सांगितले नव्हते. कुणाला सांगू नकोस, एवढाच सल्ला त्या काळी सर्रास मिळायचा, आणि तो सल्ला त्याने मरेपर्यंत पाळला.

आणि मी? मी मृत्यूचा दाखला काढून घेतला, बाकीचे कागद पिशवीत भरले आणि हे डॉक्टरांना दाखवा, मुलीलाही न्या, एवढेच बोललो. नाव मीही घेतले नाही. तीन महिन्यांनी ती मुदत ठेव करायला आली. ठेव मुलीच्या नावावर. अर्ज भरताना तिने विचारले की आई नसेल तेव्हा पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते आताच लिहून ठेवता येते का. ती डॉक्टरांकडे जाऊन आली होती.

पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. वेश्याव्यवसायात नसलेल्या, बहुतेक लग्न झालेल्या आणि नवऱ्यापलीकडे कुणाला न ओळखणाऱ्या बायकांत जवळपास चौदा टक्के बाधित निघाल्या. त्या बायकांनी कोणते बेफिकीर वर्तन केले होते? लग्न.

डॉमिनिकला हे सगळे अभ्यास बघायला मिळाले नाहीत. १९९२ सालच्या एप्रिलमध्ये त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था सुरू केली. बाधितांनी बाधितांना आधार द्यायचा, तपासणीपूर्वी आणि तपासणीनंतर माणसाशी बोलायचे, आणि ज्यांना लागण झालेली नाही त्यांच्यापर्यंत जाऊन खरी माहिती द्यायची, असे ते काम. आज समुपदेशन हा शब्द शाळकरी मुलालाही येतो. तेव्हा त्याला गोव्यात धड शब्दही नव्हता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना त्याच वर्षीची. म्हणजे दिल्लीतले सरकार आणि पर्रा गावचा हा नोकरी गेलेला माणूस एकाच वेळी एकाच कामाला लागले होते म्हणायचे. संस्थेचा जन्म होऊन जेमतेम महिना लोटला आणि २६ मे १९९२ रोजी मुंबईच्या इस्पितळात डॉमिनिक गेला.

मी तेव्हा गोव्यातच होतो. पेपरात बातमी वाचली, घडी घालून ठेवली आणि ड्राफ्टवर सह्या करत बसलो.

त्याची संस्था पुढे कित्येक वर्षे गोव्यात काम करत राहिली. त्याच्यानंतर चारच वर्षांनी, १९९६ साली, तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि हा रोग मधुमेहासारखा सांभाळता येईल असा झाला. चार वर्षे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एक छोटी मुदत ठेव. १९९७ साली त्याच मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांत ही औषधे फुकट मिळू लागली.

मग २०११ साली एक निष्कर्ष आला, ज्यात आपल्या पुण्याचा आणि चेन्नईचाही वाटा होता. नऊ देशांतल्या सतराशेहून अधिक जोडप्यांचा तो अभ्यास. जोडप्यातला एक बाधित, दुसरा नाही. बाधिताला लवकर औषधे सुरू केली, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढच्या अभ्यासांनी तर ह्याच्या पलीकडची खात्री दिली. औषधे नेमाने घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. निरोध तरी हवाच, कारण गुप्तरोग आणखीही आहेत आणि गोळ्या चुकवणारी माणसेही आहेत. पण बाधित माणसाला संसार करता येतो, मूलही होऊ देता येते, आणि आईने औषधे घेतली तर ते मूल बहुतेक वेळा निरोगी निघते. ट्रकवाल्याची बायको आणि मुलगी ह्यांना हे वीस वर्षे आधी मिळायला हवे होते.

ह्यातले काहीही रजिस्टर दडवून, पोलीस पाठवून साधण्यासारखे नाही. माणसाने आपल्या पायाने तपासणीला यावे लागते, गोळी रोज स्वतःच्या हाताने घ्यावी लागते, जोडीदाराशी स्वतःच्या तोंडाने बोलावे लागते. २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्याने हे बऱ्याच अंशी मान्य केले आहे. संमतीवाचून तपासणी नाही. बाधिताला वेगळे काढून ठेवणे हा भेदभाव. आणि त्याच कायद्यात बाधितावरही जबाबदारी टाकली आहे: समुपदेशन मिळालेल्या माणसाने दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यायची. आधी समुपदेशन, मग जबाबदारी. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. डॉमिनिकच्या वेळी शिक्षा तेवढी होती, आधीचे काहीच नव्हते.

माझे काय झाले ते सांगून टाकतो. १९९३ साली आम्हाला दुसऱ्या बाळाची चाहूल लागली तेव्हा माझा धीर सुटला. कामाचे निमित्त काढून मुंबईला गेलो आणि एका खाजगी प्रयोगशाळेत खोट्या नावाने रक्त दिले. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी चर्चगेटपासून मरीन ड्राइव्हच्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या, त्याची मोजदाद नाही. काही निघाले नाही. त्यात माझी काहीच कर्तबगारी नव्हती. डॉमिनिकमध्ये आणि माझ्यात एका रात्रीच्या नशिबाचा फरक होता.

घरी परत येऊन मी बायकोला सगळे सांगितले. पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. मला वाटले, मुंबईच्या त्या रात्रीचा राग आहे. नंतर कळले, की ती रात्र तिने केव्हाच सोडून दिली होती. राग होता तो चार वर्षांचा. तिला आणि थोरल्या मुलाला विचारल्याशिवाय मी त्यांच्या जिवाची जोखीम घेतली, आणि तीही स्वतःची अब्रू वाचवायला. हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला. तिने एक तारीख दुरुस्त केली आणि छापू दे म्हणाली.

त्या रिपोर्टनंतर मी पुन्हा रक्तदानाला जाऊ लागलो. रक्तदानाची वयोमर्यादा पासष्ट, म्हणून पासष्टी गाठायच्या आधी शेवटचे एकदा जाऊन आलो. आधी एक अर्ज भरून द्यावा लागतो. कावीळ झाली होती का, गोंदवून घेतले का, खाजगी आयुष्याबद्दलही दोन-तीन स्पष्ट प्रश्न. शेजारी बसलेला कॉलेजातला मुलगा ते वाचून लाजत होता, तरी एकेका रकान्यात नीट खूण करत होता. अर्जाच्या शेवटी आणखी एक प्रश्न असतो. तपासणीत काही वावगे आढळले, तर ते तुमच्या पत्त्यावर तुम्हाला कळवावे का?

मी होय वर खूण केली आणि खाली पूर्ण पत्ता लिहिला, पिनकोडसकट.